हिरव्या दोऱ्याची शाल

मी एक जुनी शाल आहे, हे सांगताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. शालीचं काम ऊब देणं. मी मात्र पस्तीस वर्षांत शेकडो खांद्यांवर बसले आणि एक अपवाद सोडला, तर एकाही खांद्याला ऊब दिली नाही. कशी देणार, मित्रांनो? मला अंगावर टाकायचं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि टाळ्या झाल्या की मला उचलून घ्यायचं. दोन मिनिटांत चहासुद्धा होत नाही, मग माणूस कुठला गरम व्हायला!

मी परभणीतल्या 'दुधना सेवा क्लब'ची सत्काराची शाल आहे. माझा रंग किरमिजी आणि काठांवर सोनेरी वेल. ती वेल आता कुठे आहे, ते मलाच शोधावं लागतं. क्लबच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरून दुसऱ्या खणात, सत्काराच्या नारळाशेजारी माझी जागा. नारळ हलवल्यावर वाजेनासा झाला की बदलतात. मला मात्र कुणी बदलत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका गिरणीत झाला. तिथून गाठोड्यात बांधून मी परभणीच्या स्टेशन रोडवरच्या एका कापड दुकानात आले. तिथे एका दुपारी रंगनाथ गुरुजींनी मला हातात घेतलं. गुरुजी शाळामास्तर. अंगात खादीचा सदरा आणि आवाज असा, की शेवटच्या बाकावरचं पोरगंही दचकून उठावं. गुरुजी, एक डॉक्टर, एक अडत्या आणि एसटीतले एक कारकून अशा चौघांनी हा क्लब नुकताच सुरू केला होता. क्लबजवळ तेव्हा काय होतं? स्टँडवर पाणपोईचे तीन रांजण आणि डोक्यात खूप काही.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, दहा घेतल्या तर भाव करून देतो."

"दहा कशाला? एकच द्या," गुरुजी म्हणाले. "पाहुण्याला पांघरायची आन परत घ्यायची. घरोघर कपाटात पडून ऱ्हायला शाली कशाला पायजेत? दर सत्काराला एक शाल वाचंल. त्याच्यात एका म्हातारीला चष्मा होतो. एक सत्कार, एक चष्मा!"

तो क्लबचा पहिला नियम. मी कुणाच्या खांद्यावर बसले, की कुठल्या तरी खेड्यात एखादी आजी चष्मा लावून तांदळातले खडे वेचू लागायची. मला ऊब देता येत नव्हती, पण त्याचं तेव्हा वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी चांगली तोऱ्यात असायचे.

मग भूकंपाचं साल आलं. तिकडे किल्लारीकडे गावंच्या गावं झोपली आणि इकडे परभणीत क्लबने भाकरी गोळा करायला घेतल्या. हॉलच्या मागच्या अंगणात चुली पेटल्या. वस्तीतल्या बाया आपलं पीठ घेऊन आल्या. त्यांत एक तिशीची बाई होती, सरजाबाई. कपाळाला घट्ट पदर, हात थांबतच नव्हते. दोन दिवस ती चुलीसमोरून उठली नाही. ट्रक निघाला तेव्हा गुरुजींनी विचारलं, "सरजाबाई, क्लबचं काम बघाल का? हॉल झाडायचा, पाणी भरायचं, शिबिराला संगं यायचं."

"बघंन की," ती म्हणाली. "पर मला ते भाषणाला बसवू नका, गुरुजी. मला झोप येती."

मला तिथेच ती आवडली.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर माझी घडी सरजाबाई घालायची. मित्रांनो, घडी घालणं सगळ्यांना येतं असं तुम्हाला वाटत असेल. छे! बाकीचे मला बोळा करून खुर्चीवर टाकतात. सरजाबाई मला झटकायची, दोन कोपरे चिमटीत धरायची, काठाला काठ लावायची आणि मधोमध हात फिरवायची. चारही कोपरे एकावर एक. मोठमोठ्या लोकांचे खांदे मी पाहिले; पण दिवसभरात कुणी मायेने हात लावला असेल, तर तो तिने.

क्लबचं मोठं काम म्हणजे डोळ्यांचं शिबिर. ताडकळसला बाजाराच्या दिवशी, पेडगावच्या शाळेत, कधी पार जिंतूरच्या पुढे. उद्घाटनाचा सत्कार असायचा, म्हणून पिशवीत घालून मलाही नेत. तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकतात. ते टाकले की तासभर सगळं धूसर दिसतं आणि खेड्यातली म्हातारी माणसं घाबरतात. एकदा एका आजोबांनी तर बोंबच ठोकली, "आरं, होतं तेवढं बी घालवलं की!" सरजाबाई त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. मी हाय इथं. बोट धरा माजं." शंभर-शंभर माणसांना ती बोट धरून बाकापासून डॉक्टरांपर्यंत न्यायची. ज्यांना मोतीबिंदू निघे, त्यांची नावं यादीत जात. मग जीप त्यांना ऑपरेशनला घेऊन जाई आणि चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून परत आणून सोडी.

पुढे गुरुजी गेले. त्यांच्या शोकसभेत मला त्यांच्या फोटोला पांघरलं आणि सवयीने परतही घेतलं. नियम राहिला, नियमाचं कारण मात्र त्यांच्यासोबत गेलं. शाल एकच, ही आता क्लबची 'परंपरा' झाली. प्रत्येक पाहुण्याला ती कौतुकाने सांगतात. पण त्यामागचा चष्मा कुणाला आठवत नाही. कुणी मुद्दाम लबाडी केली असं नाही हो. एका वर्षी विसरले, दुसऱ्या वर्षी आठवण द्यायला कुणी उरलं नाही.

खरं सांगू, तेव्हापासून मी थकले. सत्कार वाढले. येणाऱ्याचा सत्कार, जाणाऱ्याचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचा सत्कार. मे महिन्यात, परभणीच्या त्या उन्हात, घामाने निथळणाऱ्या माणसाच्या गळ्यात मी! 'मी फक्त दोन शब्द बोलणार आहे' म्हणून उभा राहिलेला माणूस पाऊण तास बसत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय, की माझे धागे आपोआप सैल पडतात.

आता क्लबचे सचिव आहेत दत्तराव. खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. माणूस वाईट नाही. उलट धावपळ्या आहे. शिबिराची जीप, मांडव, बॅनर, डॉक्टरांचं जेवण, सगळं तेच बघतात. फक्त त्यांच्या कानाला कायम मोबाईल असतो आणि तोंडात एक वाक्य असतं, 'पुढच्या वेळी बघू.'

चार वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की माझे कोपरे जुळत नाहीत. आधी बोटभर चुकले, मग चार बोटं. सरजाबाई मला झटकायची आणि काठ शोधत राहायची. नंतर ती डोळ्यांनी शोधायचं सोडून बोटांनी चाचपू लागली. एकदा पाहुण्यांसमोर तिने तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं आणि "हात वला हुता," म्हणाली. मला कळून चुकलं. हजारो माणसांना डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत नेणाऱ्या माझ्या सरजाबाईची नजर चालली होती.

तिने सांगितलं नाही असंही नाही. ताडकळसच्या शिबिरात ती दत्तरावांना म्हणाली, "सायेब, माज्या बी डोळ्यावर झापड आल्यावानी व्हायलंय. दाखवू का?"

"दाखवा की, मावशी. पण आधी एवढी लाईन संपू द्या."

लाईन संपली तोवर डॉक्टरांनी पेटी बंद केली होती.

"पुढच्या वेळी बघू," दत्तराव म्हणाले.

पुढच्या वेळी जीपमध्ये जागा नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरांना लवकर जायचं होतं. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही. आंधळी बाई कशाला ठेवतील कामावर, ही भीती तिच्या मनात बसली होती. हे ती माझ्याजवळच बोलली, घडी घालता घालता. "गप बसावं, झालं. हॉल तर पाठ हाय आपल्याला." मला काय उत्तर देता येणार? शालीला तोंड नसतं.

मग ती भानगड झाली. एक पाहुणे दीड तास उशिरा आले, म्हणून आधी सत्कार उरकला आणि नंतर दीपप्रज्वलन घेतलं. घाईत मला काढून घ्यायचं राहिलं; मेणबत्ती धरून पाहुणे समईवर वाकले आणि माझा काठ वातीत गेला. जळक्या लोकरीचा वास सुटला. पाहुणे ओरडले, दत्तराव धावले. पण त्याआधी सरजाबाईने वासावरून येऊन नुसत्या तळव्याने मला विझवलं. रुपयाएवढं भोक पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला रफू करायला बसली. तिच्या डब्यात दोन रिळं होती. एक किरमिजी, माझ्यासाठी. दुसरं गडद हिरवं, क्लबच्या टेबलावरच्या कापडासाठी. तिने एक रीळ काढलं, डोळ्याजवळ नेलं, उजेडाकडे धरलं. मग दत्तरावांना म्हणाली, "सायेब, तेवढा दोरा ववून द्या की. सुईचं भोक लय बारीक हाय."

दत्तरावांनी मोबाईल कान आणि खांद्यामध्ये दाबला, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा घ्यायचा हे बोलता बोलता दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली. दोरा हिरवा होता. दत्तरावांचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत, मित्रांनो.

आणि माझ्या किरमिजी अंगावर, बरोबर डाव्या बाजूला पुढे येईल असं, हिरवंगार ठिगळ उमटलं.

आधी मला लाज वाटली. मग वाटलं, बरं झालं! माझ्या सरजाबाईची अवस्था आता माझ्या अंगावर लिहिली गेली. आता कुणीतरी बघेल, विचारेल, हे कुणी शिवलं? पहिल्यांदाच मी सत्काराची वाट बघू लागले. एका पाहुण्याच्या खांद्यावर गेले, ठिगळ कॅमेऱ्यासमोर. फोटो निघाला, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर गेले. मग एका कीर्तनकारांच्या, एका कंत्राटदारांच्या, एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या. वर्षभरात चौदा जणांच्या खांद्यांवर बसले. सगळे माझ्यावरून हात फिरवत आणि समोर बघत. अगं बाई, एकदा तरी खाली बघा ना, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल! इकडे घडी आणखी वाकडी होत चालली होती. सरजाबाई आता उजवा डोळा सारखा दाबायची.

शेवटी क्लबचा वर्धापनदिन आला. गेल्या डिसेंबरात, परभणीत कडाक्याची थंडी पडली होती तेव्हा. हॉल भरला होता. दत्तरावांनी एक नवी गोष्ट ठरवली होती. शिबिरात ऑपरेशन झालेल्या एका पेशंटला व्यासपीठावर बोलवायचं आणि तिच्याकडून क्लबबद्दल चार चांगले शब्द वदवून घ्यायचे. त्यासाठी ताडकळसच्या गीताबाई आल्या होत्या. साठीच्या, शेतात राबलेल्या, गोधड्या शिवण्यात गावात नाव असलेल्या. दोनच महिन्यांपूर्वी त्यांचा मोतीबिंदू काढला होता.

दत्तरावांनी मला गीताबाईंच्या खांद्यावर टाकलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा, आजी." गीताबाई काही तिकडे बघेनात. त्या माझ्याकडेच बघत होत्या. नवीन नजर आलेलं माणूस सगळंच बघतं, भिंतीवरची पालसुद्धा कौतुकाने बघतं. त्यांनी माझा काठ हातात घेतला, अंगठ्याने ठिगळ चाचपलं आणि माईकसमोरच बोलल्या, "आवो, लाल शालीला हिरव्या दोऱ्यानं कुणी शिवलंय हे?"

हॉलमध्ये हशा पिकला. दत्तरावही हसले. मागून, पाण्याच्या पिंपाजवळून, सरजाबाईचा आवाज आला.

"मी शिवलंय, बाई. पर हिरवा न्हाई त्यो. लालच हाय."

लोक आणखी हसले. गीताबाई हसल्या नाहीत. त्या मला खांद्यावर घेऊनच व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या, खुर्च्यांमधून वाट काढत पिंपापाशी गेल्या आणि त्यांनी सरजाबाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"कवाधरनं दिसंना तुमाला?"

सरजाबाई पदराने डोळा पुसू लागली.

"माजं बी आसंच झालतं. निळ्या गोधडीला काळे टाके घातले मी, आन सुनंला म्हणलं, तूच आंधळी हाईस." मग गीताबाई वळल्या आणि दत्तरावांकडे बघून तिथूनच म्हणाल्या, "सायेब, आमच्या गावाला चार-चार खेपा करता डोळे तपासायला. आन घरातल्या बाईच्या डोळ्यात एवढं पांढरं फूल पडलंय, ते कुनाला दिसंना व्हय? काखेत कळसा आन गावाला वळसा!"

आता कुणीच हसत नव्हतं. दत्तरावांचा मोबाईल वाजत होता; त्यांनी तो घेतला नाही. त्यांची नजर माझ्या ठिगळावर खिळली होती. तो दोरा कुणी ओवला होता, हे त्यांना आठवलं असावं.

पहिल्या रांगेतून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात सरजाबाईचे डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"उजव्यातला मोतीबिंदू फार पिकलाय. डोळा दुखत नव्हता?"

"दुखायचा की. डोकं बी दुखायचं. पर दर खेपेला लाईन मोठी असायची, बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तराव स्वतः जीप घेऊन आले. सरजाबाई हॉलच्या पायरीवर कुडकुडत बसली होती, साध्या लुगड्यात. दत्तरावांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं आणि तिच्या अंगावर घातलं. नीट, दोन्ही बाजूंनी, गळ्याशी ओढून. फोटो काढायला कुणी नव्हतं.

"परत कवा द्यायची?" सरजाबाईने विचारलं.

दत्तराव वळले. जीपकडे तोंड करून डोळे पुसत राहिले. मला राग यायला हवा होता, पण मला त्यांची कीव आली. सगळा रस्ताभर मी सरजाबाईला धरून होते. आधी तिचे खांदे थरथरत होते, मग हळूहळू थांबले. मित्रांनो, ऊब देणं म्हणजे काय, ते मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. मला रडू फुटत होतं, आणि आनंदही होत होता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. उजवा डोळा वाचला नाही. दाब वाढून आतली नस केव्हाच सुकली होती. "सहा महिने आधी आल्या असत्या तर वाचला असता," डॉक्टरीणबाई हळहळल्या. सरजाबाईनेच त्यांची समजूत घातली, "जाऊ द्या. एक हाय ना. एक बी लय झाला."

महिन्याने ती हॉलवर आली. तिने कपाट उघडलं, मला काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि कितीतरी वेळाने ओरडली, "आगं माय! हिरवाच की गं! आन हे आसलं घालून मी एवढे सायेबलोक मिरवले?" आणि हसत सुटली. हसता हसता तिने पदर डोळ्याला लावला, त्या एकाच डोळ्याला.

दत्तराव म्हणाले, "मावशी, बाजारात रफूवाल्याकडं देतो. चांगलं करून आणतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "ह्ये ज्याला दिसणार न्हाई, त्याला बी डॉक्टरकडं धाडा."

मग तिने मला झटकलं, दोन कोपरे चिमटीत धरले, काठाला काठ लावला आणि मधोमध हात फिरवला. चारही कोपरे जुळले. घडीच्या वरच्या बाजूला हिरवं ठिगळ आलं, ते तिने तसंच ठेवलं. त्या दिवसापासून दत्तरावांनी सत्कारामागचा चष्मा पुन्हा सुरू केला आहे. शिबिरात पहिली तपासणी सतरंज्या उचलणाऱ्यांची आणि जीप चालवणाऱ्यांची होते. पाहुण्यांना थोडं थांबावं लागतं. ते किती दिवस टिकेल, हे मला माहीत नाही. मी फार कार्यक्रम पाहिले आहेत.

मित्रांनो, मी आता विरले आहे. आणखी किती खांदे माझ्या नशिबी आहेत कोण जाणे. तुमच्या शाळेत, तुमच्या गावात सत्कार होतील तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण कार्यक्रम संपल्यावर लगेच घरी पळू नका. मागे राहून घडी कोण घालतंय, पेले कोण विसळतंय, ते बघा. जवळ जा आणि विचारा, 'तुमचं बरं आहे ना?' आणि त्यांनी काही दुखणं सांगितलं, तर एवढं एकच म्हणू नका, की पुढच्या वेळी बघू. माझ्या सरजाबाईचा उजवा डोळा त्या पुढच्या वेळीच गेला.